कन्व्हिन्सिंग म्हणजे नेमकं काय, आणि पर्सुएसिव्ह, कम्पेलिंग त्याच्यापासून वेगळे कुठे पडतात

प्रश्न असा आहे की ‘कन्व्हिन्सिंग’ या इंग्रजी शब्दाचा खरा अर्थ काय, तो कुठे वापरायचा, पर्सुएसिव्ह आणि कम्पेलिंग हे त्याच अर्थाचे शब्द धरायचे का, आणि बायोडेटात ‘गुड कन्व्हिन्सिंग पॉवर’ असं लिहिलेलं चालतं का. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतेय आणि सोबत भाषांतराचं कामही करते, त्यामुळे हा शब्द माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो, मुलांच्या वह्यांमधून इंग्रजीत आणि भाषांतरातून मराठीत. चुकाही ठरलेल्या जागीच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. कन्व्हिन्सिंग म्हणजे पटणारं, पटेल असं, ऐकणाऱ्याच्या किंवा बघणाऱ्याच्या मनातली शंका जाईल असं. बऱ्याच डिक्शनऱ्यांमध्ये याचा अर्थ ‘खात्रीलायक’ असा दिलेला सापडतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण मराठीत खात्रीलायक म्हणजे भरवशाचं. ‘खात्रीलायक सूत्रांकडून असं कळतं’ हे बातमीत येतं तेव्हा त्या सूत्रांवर भरवसा ठेवायला हरकत नाही असं सांगायचं असतं, इंग्रजीत तिथे रिलायबल सोर्सेस येईल, कन्व्हिन्सिंग सोर्सेस नाही येणार. रिलायबल हा त्या माणसाचा किंवा त्या माहितीचा स्वतःचा गुण झाला, कोणी ऐको न ऐको तो तिथे आहेच. कन्व्हिन्सिंगचं तसं नाही, ते समोरच्याच्या मनात काय होतं त्याबद्दल बोलतं. शंका होती किंवा येऊ शकत होती, आणि ती आता उरली नाही, एवढंच तो शब्द सांगतो.

आणि यातला ‘एवढंच’ फार महत्त्वाचा आहे. ती गोष्ट खरी आहे की नाही याबद्दल कन्व्हिन्सिंग हा शब्द काहीही सांगत नाही. म्हणून इंग्रजीत ‘अ कन्व्हिन्सिंग लाय’ म्हणता येतं, म्हणजे ऐकणाऱ्याला अजिबात संशय येणार नाही असं खोटं. ‘अ कन्व्हिन्सिंग फेक’ म्हणतात, खोटी सही, खोटी नोट, कोणाच्या तरी आवाजाची किंवा चेहऱ्याची कॉम्प्युटरवर केलेली नक्कल, सगळ्याला हा शब्द लागतो. बँकेच्या नावाने जो फसवा मेल येतो, लोगो तोच, भाषा तीच, तळाचा पत्तासुद्धा तसाच, त्याला इंग्रजीत ‘व्हेरी कन्व्हिन्सिंग’ म्हणतात आणि त्यात कौतुक नसतं, इशारा असतो. आता इथे खात्रीलायक घालून बघा, ‘खात्रीलायक खोटी नोट’, वाक्य कोसळतंच. मराठीत अशा जागी आपल्याकडे बेमालूम हा इतका छान शब्द आहे आणि तो लोक विसरतात. बेमालूम नक्कल, बेमालूम थाप, बेमालूम वेषांतर. ‘हुबेहूब’ पण चालतो, पण हुबेहूबमध्ये फक्त सारखेपणा आला, कोणाला पत्ता लागत नाही हे बेमालूममध्येच येतं.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते मराठी माणसाचा खरा अडथळा हा आहे. आपण बोलताना कन्व्हिन्स हे क्रियापद सर्रास समजावणे या अर्थाने वापरतो. ‘मी त्याला खूप कन्व्हिन्स केलं पण तो ऐकायलाच तयार नाही.’ मराठीत बोलताना या वाक्यात कोणाला काही खटकत नाही कारण आपल्या डोक्यात मागे समजावणं असतं, आणि समजावणं हा प्रयत्न आहे, तासभर समजावलं तरी समोरचा ढिम्म राहू शकतो. इंग्रजीतला कन्व्हिन्स हा प्रयत्न नाही, तो निकाल आहे. आय कन्व्हिन्स्ड हिम म्हटलं की त्याला पटलं, विषय संपला. त्यामुळे ‘आय कन्व्हिन्स्ड हिम बट ही डिड नॉट अ‍ॅग्री’ हे वाक्य इंग्रजी वाचणाऱ्याला ‘मी त्याला पटवून दिलं पण त्याला पटलं नाही’ असं ऐकू येतं. तिथे ‘आय ट्राइड टु कन्व्हिन्स हिम’ पाहिजे. मराठीत आपण समजावणे आणि पटवून देणे यात हा फरक करतोच की, फक्त इंग्रजी शब्द उचलताना दोन्हीच्या जागी एकच बसवून टाकलाय.

एक नमुना घेते, अगदी अशीच वाक्यं माझ्याकडे येत असतात. विद्यार्थी लिहितो: ‘आय कन्व्हिन्स्ड माय मॅनेजर फॉर वन आवर. ही वॉज नॉट कन्व्हिन्स्ड विथ माय रीझन्स. माय कन्व्हिन्सिंग पॉवर इज वीक.’ तीन वाक्यं, आणि तिन्ही मराठीतून आलेली. पहिल्यात तासभर चालला तो प्रयत्न, म्हणून ‘आय स्पेंट अ‍ॅन आवर ट्राइंग टु कन्व्हिन्स माय मॅनेजर’. दुसऱ्यात विथ चुकलंय, आपण ‘तुमच्या उत्तराने माझं समाधान झालं नाही’ यातला ‘-ने’ सॅटिस्फाइड विथच्या चालीवर इथे आणतो, पण कन्व्हिन्स्डच्या मागे बाय येतं जेव्हा कशामुळे पटलं ते सांगायचं असतं, आणि ऑफ येतं जेव्हा काय पटलं ते सांगायचं असतं. ‘कन्व्हिन्स्ड बाय द एव्हिडन्स’, ‘कन्व्हिन्स्ड ऑफ हर इनोसन्स’. पुराव्यामुळे पटलं, तिचं निर्दोष असणं पटलं. हे दोन एकदा डोक्यात वेगळे झाले की आयुष्यभर चूक होत नाही. पूर्ण वाक्य जोडायचं असेल तर दॅट लावा, ‘आय अ‍ॅम कन्व्हिन्स्ड दॅट शी इज राइट’.

आणि तिसरं वाक्य म्हणजे आपली लाडकी कन्व्हिन्सिंग पॉवर. ‘तिची कन्व्हिन्सिंग पॉवर जबरदस्त आहे’ हे मराठी वाक्य म्हणून उत्तम आहे, सगळ्यांना कळतं, बोलताना खुशाल वापरा, त्यात मला काही वावगं वाटत नाही. इंग्रजीत मात्र माणसाबद्दल ‘कन्व्हिन्सिंग पॉवर’ असं सहसा म्हणत नाहीत, तिथे ‘पॉवर्स ऑफ पर्सुएशन’ म्हणतात, किंवा नुसतं ‘शी इज व्हेरी पर्सुएसिव्ह’. बायोडेटात तर मी दोन्ही लिहू नका म्हणेन. ‘पर्सुएसिव्ह कम्युनिकेटर’ हा शब्दप्रयोग बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला तो कन्व्हिन्सिंग वाटेलच असं नाही. तुम्ही कोणाला काय पटवून दिलं आणि त्यातून काय झालं ते एका ओळीत लिहा, जुनं सॉफ्टवेअर बदलायला टीमला राजी केलं, पुरवठादाराशी बोलून मुदत वाढवून घेतली, जे खरंच केलं असेल ते. ते वाचून समोरचा स्वतःच ठरवेल.

याच नमुन्यात न आलेली पण वरचेवर होणारी आणखी एक चूक म्हणजे कन्व्हिन्सिंग आणि कन्व्हिन्स्ड यांची अदलाबदल. ‘आय अ‍ॅम नॉट कन्व्हिन्सिंग’ म्हणजे मला पटत नाहीये असं नाही, माझं बोलणं लोकांना पटत नाही असं झालं. मुद्दा, पुरावा, कारण, अभिनय हे कन्व्हिन्सिंग असतात, आणि ज्याला पटलं तो माणूस कन्व्हिन्स्ड असतो. बोअरिंग आणि बोअर्डचं जे गणित आहे तेच.

बरं, आता पर्सुएसिव्ह. दोन्हीत फरक आहे का, तर आहे, पण काटेकोर कुंपण नाही, पुष्कळ जागी दोन्ही चालतात. ‘अ कन्व्हिन्सिंग आर्ग्युमेंट’ आणि ‘अ पर्सुएसिव्ह आर्ग्युमेंट’ दोन्ही बरोबर. तरी कान तयार झालेल्या माणसाला फरक जाणवतो, आणि तो कळायला मूळ बघितलं तर मदत होते. कन्व्हिन्स आला लॅटिन ‘कन्व्हिन्केरे’वरून, त्यातला ‘विन्केरे’ म्हणजे जिंकणे, व्हिक्टरी, इन्व्हिन्सिबल हे त्याच घरातले, सीझरच्या ‘वेनी, विडी, विकी’ (आलो, पाहिलं, जिंकलं) यातला विकी पण तोच. कन्व्हिक्ट, म्हणजे गुन्हा सिद्ध होणे, हासुद्धा सख्खा भाऊ. पूर्वीच्या इंग्रजीत कन्व्हिन्सचा अर्थ हरवणे, नमवणे असाही होता. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये पहिल्या अंकात लेडी मॅकबेथ राजाच्या पहारेकऱ्यांना दारू पाजून ‘कन्व्हिन्स’ करीन म्हणते, आता तिथे त्या दोघांना काही पटवून द्यायचं नाहीये, दारूने लोळवायचं आहे. तर कन्व्हिन्समध्ये अजूनही तो जिंकल्याचा भाव आहे, शंका विरुद्ध मुद्दा अशी लढत झाली आणि मुद्दा जिंकला.

पर्सुएडचं मूळ वेगळंच. लॅटिन ‘सुआडेरे’, म्हणजे सुचवणे, आग्रह करणे, आणि त्याचं मूळ गोड या अर्थाच्या धातूत आहे, इंग्रजीतला स्वीट तिथलाच, आणि आपला स्वादु पण तिथलाच, म्हणजे पर्सुएड आणि स्वाद हे दूरचे का होईना नातेवाईक आहेत. शिकवताना मला हे सांगायला फार आवडतं कारण यानंतर मुलं फरक विसरत नाहीत. पर्सुएड म्हणजे गोडीने वळवणं. मराठीत आपण ‘मन वळवणे’ म्हणतो ते याला तंतोतंत बसतं, आणि ‘पटवून देणे’ हे कन्व्हिन्सला. मन वळवायला कारणच दिलं पाहिजे असं नाही, आवाज, आर्जव, ओळख, भीड, कशानेही मन वळतं. म्हणून आवाज पर्सुएसिव्ह असतो, जाहिरात पर्सुएसिव्ह असते, विक्रेता पर्सुएसिव्ह असतो. जुन्या व्याकरणकारांचा नियमही यावरच बेतलेला होता, पर्सुएड करायचं ते काहीतरी करायला, आणि कन्व्हिन्स करायचं ते काहीतरी मानायला. ‘आय पर्सुएडेड हर टु गो’, पण ‘आय कन्व्हिन्स्ड हर दॅट शी शुड गो’. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकन इंग्रजीत ‘कन्व्हिन्स्ड हर टु गो’ रुळलं, त्यावर बरीच नाकं मुरडली गेली, आज डिक्शनऱ्या ते बिनधास्त देतात. तुम्ही वापरलंत तर चूक नाही. मी स्वतः औपचारिक लेखनात जुना फरक पाळते, कारण तो पाळला की वाक्यात एक जास्तीची माहिती येते, माणसाचं मत बदललं की फक्त वागणं बदललं ते कळतं. आणि हे दोन खरोखर वेगळे असतात. एखाद्याला मुद्दा पूर्ण पटलेला असतो पण तो हलत नाही, आणि एखादा काही न पटता नुसत्या आग्रहाने येतो. कन्व्हिन्स्ड बट नॉट पर्सुएडेड, आणि उलट.

विक्रेत्याचं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. ‘अ पर्सुएसिव्ह सेल्समन’ म्हणजे माल गळ्यात मारण्यात पटाईत माणूस. ‘अ कन्व्हिन्सिंग सेल्समन’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला क्षणभर प्रश्न पडतो की हा खरा सेल्समन आहे की कोणी नट सेल्समनचं काम करतोय. कारण माणसाला, विशेषतः व्यवसायाच्या नावाला कन्व्हिन्सिंग लावलं की ‘अमुक म्हणून पटतो’ असा अर्थ डोकं वर काढतो. ‘ही मेक्स अ कन्व्हिन्सिंग डॉक्टर’ हे वाक्य नाटक-सिनेमाच्या परीक्षणात शोभतं, डॉक्टरची भूमिका त्याला पेलली, बघताना खरा डॉक्टर वाटतो. हेच वाक्य तुमच्या खऱ्याखुऱ्या डॉक्टरबद्दल कौतुकाने लिहिलंत तर त्यांच्या डिग्रीवर संशय घेतल्यासारखं होईल. तसंच हसण्याचं. ‘हर स्माइल वॉज नॉट कन्व्हिन्सिंग’ म्हणजे ती हसली पण हसू खरं वाटलं नाही, ओढूनताणून आणलेलं वाटलं. इथे मुद्दा नाही, वाद नाही, कोणी कोणाला काही पटवून देत नाहीये, फक्त खरं वाटणं आणि न वाटणं. परीक्षणात ‘नॉट एन्टायरली कन्व्हिन्सिंग’ असं वाचलंत तर इंग्रजी सभ्यपणाचा हिशोब धरून वाचा, बोलणाऱ्याला ते काम जमलेलं वाटलेलं नाही.

कम्पेलिंगबद्दल थोडक्यात. ‘पेलेरे’ म्हणजे ढकलणे, प्रोपेलर, एक्स्पेल यातला तोच. कम्पेलिंग रीझन म्हणजे असं कारण की दुसरा मार्गच उरत नाही. कम्पेलिंग स्टोरी म्हणजे सोडवत नाही अशी गोष्ट, आणि तिथे ती खरी वाटते की नाही हा मुद्दाच नसतो, भुताखेतांची गोष्टही कम्पेलिंग असू शकते. कन्व्हिन्सिंग स्टोरी मात्र पोलीस विचारतात तेव्हा सांगायची असते. एवढा फरक लक्षात राहिला तरी पुरे.

शब्दाचं वजन कोर्टात कसं तोललं जातं ते पण सांगते कारण त्यावरून हा शब्द किती भारी आहे ते कळतं. अमेरिकेच्या कायद्यात पुराव्याच्या तीन पायऱ्या मानतात. सगळ्यात खालची, हे खरं असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, साध्या दिवाणी दाव्याला ती पुरते. सगळ्यात वरची, वाजवी शंकेला जागा नको, ती फौजदारी खटल्याला. आणि या दोघींच्या मधली जी पायरी आहे तिचं नाव ‘क्लिअर अँड कन्व्हिन्सिंग एव्हिडन्स’. 1979 साली अ‍ॅडिंग्टन विरुद्ध टेक्सास या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एखाद्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध बेमुदत मनोरुग्णालयात ठेवायचं असेल तर निदान या मधल्या पायरीचा पुरावा पाहिजे. म्हणजे कन्व्हिन्सिंग हे ‘बरं वाटतंय’ या पातळीचं नाही, पण ‘तसूभरही शंका नाही’ इतकंही नाही. पर्सुएसिव्हलाही कायद्यात स्वतःची जागा आहे. दुसऱ्या देशातल्या कोर्टाचा निर्णय इथल्या न्यायाधीशावर बंधनकारक नसतो, पण तो वाचून त्यातलं तर्कशास्त्र त्याला मान्य करावंसं वाटू शकतं, त्याला ‘पर्सुएसिव्ह’ म्हणतात, बाइंडिंगच्या उलट. सक्ती नाही, फक्त ओढ. बघा, तीच ‘गोडीने वळवणं’वाली छटा न्यायाधीशांच्या भाषेतही टिकून आहे.

आता खेळाच्या बातम्यांतला अर्थ, तो बऱ्याच जणांना कळतच नाही. ‘अ कन्व्हिन्सिंग विन’. इथे कोणाला काय पटलं? तर विजय इतका स्पष्ट होता की कोण सरस याबद्दल वादाला जागा राहिली नाही. पेनल्टीवर कसाबसा निघालेला सामना कन्व्हिन्सिंग नाही, 5-0 कन्व्हिन्सिंग आहे. मराठीत याला निर्विवाद विजय म्हणा, अगदी नेमकं बसतं, कारण निर्विवादमध्येही वाद उरला नाही हेच आहे. ‘दणदणीत’ पण चालेल, पण त्याला आवाज जास्त आणि अर्थ थोडा पुढचा. जे भाषांतरात ‘पटण्याजोगा विजय’ लिहितात त्यांनी डिक्शनरीतला पहिला अर्थ उचललेला असतो, तसं करू नका. ‘दे वन कन्व्हिन्सिंगली’ हेही तसंच, आरामात, स्पष्ट फरकाने जिंकले.

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर माझी पद्धत सांगते. कन्व्हिन्सिंगला मराठीत एक ठरलेला शब्द शोधत बसू नका, पुढचं नाम काय आहे ते बघा. एव्हिडन्स असेल तर सबळ पुरावा, फेक असेल तर बेमालूम, विन असेल तर निर्विवाद, आणि अनकन्व्हिन्सिंग एक्स्क्यूज असेल तर लंगडी सबब, आपल्याकडे इतकी तयार भाषा आहे. आणि आर्ग्युमेंट किंवा एक्स्प्लनेशन असेल तर शक्यतो विशेषणच टाळा आणि क्रियापदावर या. ‘हिज एक्स्प्लनेशन वॉज नॉट कन्व्हिन्सिंग’ याचं ‘त्याचं स्पष्टीकरण पटण्यासारखं नव्हतं’ हे बरोबर आहे, पण ‘त्याचं स्पष्टीकरण काही पटलं नाही’ हे मराठी आहे. आपल्याकडे पटणं हे क्रियापद किती सोयीचं आहे बघा, मला पटलं, तिला पटलं नाही, ज्याच्या मनात ते घडतं तो माणूस वाक्यातच येऊन बसतो. इंग्रजी विशेषण हा माणूस लपवतं, कन्व्हिन्सिंग कोणाला ते सांगतच नाही. म्हणून इंग्रजीतून मराठीत येताना स्वतःला विचारायचं की कोणाला पटतंय, आणि मराठीतून इंग्रजीत जाताना, तो माणूस सांगणं गरजेचं असेल तर ‘आय फाइंड इट कन्व्हिन्सिंग’ किंवा ‘आय वॉज कन्व्हिन्स्ड बाय इट’ अशी रचना घ्यायची. वादात ‘युअर पॉइंट इज नॉट कन्व्हिन्सिंग’ म्हटलं की निकाल दिल्यासारखं होतं, ‘आय अ‍ॅम नॉट कन्व्हिन्स्ड’ म्हटलं की फक्त स्वतःबद्दल बोललात, समोरच्याला आणखी बोलायला जागा राहते. ऑफिसच्या मेलमध्ये मी नेहमी दुसरं सुचवते.

उच्चारात जोर मधल्या व्हिनवर, पहिल्या कॉनवर नाही, तो कॉन जवळजवळ ‘कन’ होतो. स्पेलिंगमध्ये शेवटचा ई जातो आणि सी राहतो, तिथे एस लिहिण्याची चूक फार होते.

शेवटी एक वापर जो पुस्तकांत कमी आणि बोलण्यात भरपूर सापडतो आणि जो तुमच्या इंग्रजीत आला तर बोलणं एकदम मोकळं वाटायला लागेल. कन्व्हिन्सिंग तिथे विशेषण नसून नाम असतं, पटवून देण्याची क्रिया. ‘शी टुक सम कन्व्हिन्सिंग’, तिला तयार करायला बरंच समजवावं लागलं. ‘आय डिडन्ट नीड मच कन्व्हिन्सिंग’, मला फार आग्रह करावा लागला नाही, मी आधीच अर्धा तयार होतो. ‘ही स्टिल नीड्स कन्व्हिन्सिंग’, त्याच्या मनात अजून किंतु आहे. आणि आपण मराठीत ‘त्याला जरा कन्व्हिन्स करावं लागेल’ म्हणतो ना, त्याचं खरं इंग्रजी हेच आहे, ‘ही विल नीड सम कन्व्हिन्सिंग’.